कोणाचे स्नायू, कोणाचा वेग?

गेल्या सत्रात पदव्युत्तर वर्गाला आम्ही 'लोकप्रिय संस्कृती आणि स्मृती' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. निवड मोकळी ठेवली होती. कोणी जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर लिहिले, कोणी दूरदर्शनच्या मालिकांवर, कोणी तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजवर. एका विद्यार्थ्याने मात्र अकरा पाने लिहिली ती १९६४ ते १९७३ या काळातल्या अमेरिकन 'मसल कार'वर. निबंध चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. भाषेत ऊब होती, तपशिलांत चूक नव्हती. इंजिनाचे घनइंच, अश्वशक्ती, पाव मैल अंतर कापायला लागणारे सेकंद, सारे काही जागच्या जागी होते. आम्ही दोघांनी तो वाचला, सढळ हाताने गुण दिले आणि पुढचे दोन दिवस अस्वस्थ राहिलो. कारण अकरा पानांत एकही माणूस ती गाडी बनवताना दिसत नव्हता. गाड्या जणू अयोनिसंभव होत्या. या विद्यार्थ्याचे वडील चाकणच्या पट्ट्यातल्या एका वाहनकारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करतात. हा तपशील पुढे लागणार आहे, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.

दोष विद्यार्थ्याचा नाही. त्याने जे वाचले आणि पाहिले त्यातूनच त्याचा निबंध घडला: गुळगुळीत कागदावरची चित्रमय पुस्तके, लिलावांची सूचिपत्रे, जुन्या गाड्या 'जिवंत' करणारे दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम आणि २००१ पासून चालत आलेली 'फास्ट अँड फ्युरियस' ही चित्रपटमालिका. या साऱ्यांनी मिळून एक स्मरणरंजनाचे वाङ्मय उभे केले आहे. आमचे भांडण त्या वाङ्मयाशी आहे. ते वाङ्मय आहे, म्हणजे त्याला रचना आहे, नायक आहे, खलनायक आहे आणि गाळलेल्या जागा आहेत. म्हणूनच त्याचे वाचन करणे हे आमच्यासारख्या साहित्याच्या शिक्षकांचे काम आहे असे आम्ही मानतो.

कथा साधारणपणे अशी सांगितली जाते. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटिॲक विभागातल्या काही धाडसी अभियंत्यांनी, ज्यांत जॉन डिलोरियन हे प्रमुख नाव, टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे मोठे इंजिन बसवले. मध्यम गाडीत एवढे इंजिन घालायचे नाही असा कंपनीचा दंडक होता. त्याला बगल देण्यासाठी ती स्वतंत्र गाडी न म्हणता टेम्पेस्टची 'पर्यायी जोडणी' म्हणून विकायला काढली. 'जीटीओ' हे नाव सरळ फेरारीकडून उचलले. गाडी खपली आणि मग सगळेच त्या वाटेने धावले. १९६८ साली प्लिमथने 'रोडरनर' आणली. व्यंगचित्रपटातल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचे नाव वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सना पन्नास हजार डॉलर मोजले आणि गाडीची मूळ किंमत मात्र तीन हजार डॉलरांच्या आत ठेवली. १९७० हे या कथेचे शिखर: त्या वर्षीच्या शेव्हेलमध्ये ४५४ घनइंचांचे इंजिन आणि कागदावर ४५० अश्वशक्ती. मग खलनायक प्रवेश करतात. सरकार, पर्यावरणवादी, विमा कंपन्या आणि सरतेशेवटी, १९७३ च्या ऑक्टोबरात, तेल अडवून धरणारे अरब देश. पडदा पडतो. उरते ती हळहळ: तेव्हा माणूस मोकळा होता, रस्ता मोकळा होता, आता ते दिवस नाहीत.

या कथेचा सांगाडा मराठीच्या विद्यार्थ्याने ओळखायला हवा. हे सत्ययुग आणि कलियुग आहे. युगान्ताला बाहेरचा कोणीतरी कारणीभूत आहे. आतल्या कोणाचा काही दोष नाही, आतल्या कोणाला काही झालेही नाही. पुराणकथेकडे आम्ही आकडे मागत नाही. पण ही कथा स्वतःच आकड्यांवर उभी आहे, त्यामुळे तिचे आकडे तपासणे अन्यायाचे होणार नाही.

पहिला आकडा अश्वशक्तीचा. ४२५, ४५० हे आकडे त्या काळच्या पद्धतीने मोजलेले होते. म्हणजे इंजिन चाचणीच्या ओट्यावर चढवून, गाडीतली पुष्कळशी जोडयंत्रे आणि नेहमीची धूरनळी न लावता. १९७२ च्या मॉडेलवर्षापासून अमेरिकन कंपन्या गाडीत बसवलेल्या अवस्थेतली शक्ती छापू लागल्या. एका वर्षात आकडे कोसळलेले दिसतात, त्यातला काही भाग खरा होता. १९७१ पासून जनरल मोटर्सने शिसेविरहित पेट्रोलची तयारी म्हणून इंजिनांतला दाब कमी केला होता. पण मोठा भाग केवळ मोजपट्टी बदलल्याचा परिणाम होता. ज्या ऱ्हासावर एवढे अश्रू ढाळले गेले, त्यातला बराचसा ऱ्हास कागदावरचा होता.

दुसरा आकडा मृत्यूंचा. १९७२ या एका वर्षात अमेरिकेच्या रस्त्यांवर ५४ हजारांहून अधिक माणसे मेली. त्या देशाच्या इतिहासात इतके रस्तेबळी कोणत्याही वर्षी, आधी किंवा नंतर, गेलेले नाहीत. ही सारी माणसे मसल कारखाली गेली असा आमचा दावा नाही, तसे म्हणणे वेडगळपणाचे होईल. दावा एवढाच की ज्या दशकाला 'मोकळ्या रस्त्याचे' दशक म्हणतात, ते त्या रस्त्यावरच्या सर्वाधिक मरणाकडे चढत जाणारे दशक होते. राल्फ नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' १९६५ साली निघाले. त्यानंतर जनरल मोटर्सने त्यांच्या मागावर खासगी गुप्तहेर लावले आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या उपसमितीसमोर जाहीर माफी मागावी लागली. स्मरणरंजनात सरकार खलनायक म्हणून येते; गुप्तहेर येत नाहीत.

तिसरी गोष्ट शिशाची. त्या उंच दाबाच्या इंजिनांना जे पेट्रोल लागे त्यात शिशाचे संयुग मिसळलेले असे, आणि धूरनळीतून ते शिसे बाहेर पडून रस्त्याकाठच्या मुलांच्या रक्तात जाई. ३१ डिसेंबर १९७० रोजी मंजूर झालेल्या स्वच्छ हवेच्या कायद्याने काही वायूंचे उत्सर्जन काही वर्षांत नव्वद टक्क्यांनी घटवण्याचा आदेश दिला, त्यापायी धूरनळीत शुद्धीकरणाचे यंत्र आले आणि ते यंत्र शिशाने निकामी होत असल्यामुळे शिसेही जाऊ लागले. या घटनाक्रमाला 'मजा संपली' असे म्हणता येते. कोणाची, एवढे विचारले पाहिजे.

आणखी एक साक्ष आहे, ती साहित्याच्या अधिक जवळची. ज्या काळाला सुवर्णकाळ म्हणतात त्या काळातल्या कलाकृती त्याबद्दल काय सांगतात? १९७१ चा 'व्हॅनिशिंग पॉइंट' हा चित्रपट पाहावा. पांढरी डॉज चॅलेंजर घेऊन डेन्व्हरहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेला त्याचा नायक अखेर रस्ता अडवून उभ्या केलेल्या बुलडोझरांवर जाऊन आदळतो. त्याच वर्षीचा 'टू-लेन ब्लॅकटॉप' हा शर्यतीचा चित्रपट असून त्यात शर्यतीचा अर्थच हरवत जातो. शिखरावर असताना त्या समाजातल्या संवेदनशील माणसांना शिखर दिसत नव्हते, थकवा दिसत होता. आणि १९७३ च्या ऑगस्टमध्ये, तेलबंदीच्या दोन महिने आधी, जॉर्ज लुकस यांचा 'अमेरिकन ग्राफिटी' आला तो १९६२ सालातल्या एका रात्रीसाठी झुरत. म्हणजे आपण ज्या सुवर्णकाळासाठी हळहळतो, त्या सुवर्णकाळातली माणसे त्याच्या आधीच्या सुवर्णकाळासाठी हळहळत होती. मृगजळ पुढे सरकते हे आपण ऐकून आहोत. हे मृगजळ मागे सरकते, इतकाच फरक.

इथवर वाचून कोणाचा असा समज होईल की आम्हाला गाड्यांचा तिटकारा आहे किंवा सामान्य माणसाच्या आनंदाकडे आम्ही प्राध्यापकी नाक मुरडत आहोत. तसे नाही. या स्मरणरंजनात एक अस्सल गाभा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पहिली गोष्ट, ती गाडी स्वस्त होती. कारखान्यात काम करणारा विशी-पंचविशीतला तरुण हप्त्यावर ती घेऊ शकत होता. ती श्रीमंतांच्या अंगणातली वस्तू नव्हती. दुसरी गोष्ट, ती वाचता येत होती. झाकण उघडले की इंजिन दिसे, कार्बोरेटर कुठे, ठिणगी कुठून, हे सारे डोळ्यांना कळे आणि हाताला करता येई. आजच्या सीलबंद, संगणकाने बांधलेल्या यंत्रापुढे माणूस निरक्षर होऊन उभा राहतो. तेव्हा तो साक्षर होता. आपण वापरतो ती वस्तू आपल्याला समजावी, ही इच्छा क्षुद्र नाही. डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लावणाऱ्या पोरांत जे चैतन्य होते त्याची थट्टा करण्याचा अधिकार आम्हाला नाही.

आमची तक्रार वेगळी आहे, आणि ती एका शब्दापासून सुरू होते.

'मसल' म्हणजे स्नायू. निर्जीव यंत्राला देहधर्म बहाल करणारी ही लक्षणा इतकी रुळली आहे की ती लक्षणा आहे याचाच विसर पडतो. लक्षणेत मुख्यार्थाचा बाध होतो, हे आपण वर्गात दरवर्षी शिकवतो. इथे बाधित झालेला मुख्यार्थ कोणता? खरोखरीचे स्नायू ज्याला होते, तो देह कोणाचा?

त्या देहाचा पत्ता उपलब्ध आहे. डेट्रॉईट शहराने जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेले हॅमट्रॅमक नावाचे एक छोटे गाव आहे. तिथे क्रायस्लर कंपनीचा 'डॉज मेन' हा प्रचंड कारखाना होता. (क्रायस्लर हे नाव आपल्याला अगदीच परके नाही, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात स्वातंत्र्याच्या आगेमागे त्याच कंपनीच्या सहकार्याने डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या जात.) 'व्हॅनिशिंग पॉइंट'मधल्या नायकाची गाडी ज्या मालिकेतली, ती १९७० ची चॅलेंजर आणि तिची जुळी बहीण प्लिमथ बॅराकुडा यांची जुळणी मुख्यतः इथे होई. याच कारखान्यात २ मे १९६८ रोजी कामगारांनी युनियनच्या संमतीवाचून संप केला. कारण होते वेग. त्या आठवड्यात असेंब्ली लाइनचा वेग तासाला ४९ गाड्यांवरून ५८ गाड्यांवर नेला गेल्याची नोंद आहे. गोरे आणि कृष्णवर्णीय दोन्ही कामगार त्या संपात होते; शिक्षा मात्र प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आली. त्यातून 'डॉज रिव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट', संक्षेपाने 'ड्रम', ही संघटना जन्मली. तिचे भांडण कंपनीशी होते आणि कृष्णवर्णीय कामगारांकडे पाठ फिरवणाऱ्या अधिकृत युनियनशीही होते. जेमतेम वर्षभरापूर्वी, जुलै १९६७ मध्ये, डेट्रॉईट पेटले होते आणि ४३ माणसे मेली होती. त्याच शहरातले हे स्नायू.

वेग या शब्दाचे असे दोन अर्थ आहेत. एक वेग रस्त्यावरचा, ज्याने चालवणाऱ्याच्या अंगावर रोमांच उठतात. दुसरा वेग पट्ट्यावरचा, ज्याने बनवणाऱ्याचे मनगट आणि पाठ मोडते. दोन्ही एकाच गाडीचे आहेत, एकाच वर्षाचे आहेत. पहिल्या वेगाचे आकडे प्रत्येक चाहत्याला मुखोद्गत असतात: पाव मैल, अमुक सेकंद. दुसऱ्या वेगाचा आकडा, एकोणपन्नासावरून अठ्ठावन, आमच्या विद्यार्थ्याच्या अकरा पानांत नव्हता. त्याने वाचलेल्या पुस्तकांतही नसावा.

१९७० हे शिखराचे वर्ष, असे वर म्हटले. त्याच वर्षी १५ जुलैला क्रायस्लरच्या एल्डन ॲव्हेन्यू कारखान्यात, जिथे कंपनीच्या गाड्यांचे ॲक्सल बनत, जेम्स जॉन्सन या कृष्णवर्णीय कामगाराने निलंबनानंतर बंदूक आणून तिघांना ठार मारले. त्या तिघांच्या मृत्यूचे समर्थन होऊ शकत नाही आणि आम्ही ते करत नाही. परंतु पुढे खटल्यात ज्यूरीला तो कारखाना नेऊन दाखवण्यात आला आणि वेडाच्या भरात केलेले कृत्य म्हणून जॉन्सन यांना दोषमुक्त ठरवण्यात आले. १९७३ मध्ये तर क्रायस्लरने त्यांना कामगार म्हणून भरपाई द्यावी असा निर्णय झाला. माणसाच्या बुद्धिभ्रंशाला त्याच्या कामाची जागा कारणीभूत ठरली, हे कायद्याच्या चौकटीत मान्य झाले. अशा जागेतून निघालेल्या वस्तूला 'स्वातंत्र्याचे प्रतीक' म्हणताना क्षणभर तरी अडखळायला हवे.

स्मरणरंजन अडखळत नाही. पण ते कामगाराला नुसते विसरते असेही नाही, आणि इथे आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. १९७२ च्या एप्रिलमध्ये ओहायो राज्यातल्या नॉरवुड इथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात संप सुरू झाला. कॅमारो आणि फायरबर्ड या गाड्या तिथे बनत. व्यवस्थापन बदलले होते, माणसे कमी करून उरलेल्यांवर काम लादले जात होते. संप साडेपाच महिन्यांहून अधिक चालला. या काळात पट्ट्यावर अर्धवट पडून राहिलेल्या हजाराहून अधिक गाड्या पुढे १९७३ च्या बंपरविषयक नियमांत बसेनात, म्हणून मोडीत काढाव्या लागल्या. आता जुन्या गाड्यांच्या संग्राहकाशी १९७२ च्या कॅमारोबद्दल बोलावे. तो हा संप जाणतो. नीट जाणतो. 'त्या वर्षी संप झाला, म्हणून गाड्या कमी निघाल्या, म्हणून ती दुर्मीळ आहे, म्हणून किंमत अधिक.'

हे वाक्य आम्हाला विस्मृतीपेक्षा भयंकर वाटते. साडेपाच महिने पगाराविना काढलेली घरे, थकलेले हप्ते, बायकामुलांचे हाल, हे सगळे एका वस्तूच्या दुर्मीळतेत जिरवून टाकले गेले. पूर्णपणे विसरलेली गोष्ट कधीतरी कोणी उकरून काढू शकतो. इथे संपाची आठवण जपली आहे, पण जपली आहे ती विरुद्ध बाजूच्या खात्यात, जमेच्या रकान्यात. नॉरवुडचा कारखाना १९८७ साली बंद झाला. त्यामुळेही तिथे बनलेल्या गाड्यांची किंमत वाढली असेल तर नवल नाही.

ज्या गाडीचा अस्सल गाभा तिचा स्वस्तपणा होता, ती आज कोणाकडे आहे हेही पाहावे. 'बुलिट' (१९६८) या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली हिरवी मस्टँग एका कुटुंबाने १९७४ मध्ये काही हजार डॉलरांना घेतली होती. त्या घरातली शिक्षिका ती घेऊन रोज शाळेत शिकवायला जाई. क्लच निकामी झाल्यावर गाडी उभी राहिली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या एका लिलावात तिची बोली ३४ लाख डॉलरांवर थांबली. त्या कुटुंबाचा हेवा वाटण्याचे कारण नाही. पण शिक्षिकेने वह्यांचा गठ्ठा मागच्या आसनावर टाकून शाळेत नेलेली गाडी ही त्या वस्तूची खरी जीवनकहाणी होती, आणि बाजाराने तिला किंमत दिली ती चित्रपटातल्या काही मिनिटांच्या पाठलागाची.

डेट्रॉईटमध्ये १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ' होते. जुन्या गाड्यांचा हा प्रचंड मेळा फर्न्डेलपासून पाँटिॲकपर्यंत चालतो. नकाशा उघडून पाहावा. हा सगळा पट्टा 'एट माइल रोड'च्या उत्तरेला येतो, आणि एट माइल ही डेट्रॉईटच्या कृष्णवर्णीय शहराची आणि गोऱ्या उपनगरांची कित्येक दशके मानली गेलेली सीमारेषा आहे. डॉज मेन होते तिच्या दक्षिणेला. स्मरणयात्रेची वाट स्मृतिस्थळाला बगल देऊन जाते, यात कोणाचा कट असेल असे नाही. कटाची गरजच पडत नाही, इतकी ती वाट अंगवळणी पडली आहे.

आणि कंपन्या? त्यांनी कामगारांची जागा यंत्रांना आणि परदेशांना दिली. जुने आकार मात्र पुन्हा विकले. २००५ ची मस्टँग, २००८ ची चॅलेंजर, २०१० ची कॅमारो या तिन्ही गाड्या साठच्या दशकातल्या रेषा गिरवत आल्या. चॅलेंजर तर कॅनडात बनत होती. तिची ती मालिका डिसेंबर २०२३ मध्ये संपली तेव्हा 'शेवटची हाक' अशा अर्थाच्या नावाने निरोपाच्या खास आवृत्त्या काढून निरोपाचेही पैसे केले गेले. पुढे डॉजने विजेवर चालणारी चार्जर आणली. विजेच्या गाडीला गुरगुरण्याचे कारण नसते, म्हणून तिला जुन्या इंजिनासारखा आवाज यंत्रणेतून निर्माण करून दिला. ज्या धुराने मुलांच्या रक्तात शिसे गेले तो धूर गेला, ज्या इंजिनाचे झाकण उघडून तरुण साक्षर होई ते इंजिनही गेले. उरला तो नुसता ध्वनी. स्मरणरंजन कोणत्या थराला जाऊ शकते याचा याहून नेमका दृष्टान्त आम्हाला शोधूनही सापडला नसता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. स्मरणरंजन हे निवडकच असते. बालपणाच्या आठवणीत आईने केलेले लाडू येतात, चुलीच्या धुराने तिचे चुरचुरणारे डोळे येत नाहीत. मग गाड्यांच्या चाहत्यांनाच का धारेवर धरावे? 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर या वैद्याने १६८८ मध्ये घडवला तो घरापासून दूर असलेल्यांच्या रोगाचे नाव म्हणून. रोग्याकडून न्यायबुद्धीची अपेक्षा कशी करावी?

आमचे उत्तर असे. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ साली स्मरणरंजनाचे दोन प्रकार मांडले. एक हरवलेले घर पुन्हा जसेच्या तसे उभे करू पाहणारा, दुसरा हरवलेपणाचाच विचार करणारा. पहिला स्वतःला सत्य समजतो. दुसऱ्याला आपण आठवत आहोत याची जाणीव असते. जुन्या गाड्यांच्या जगात पहिल्याला मराठीसारखे सोज्वळ नाव शोधावेच लागत नाही. तिथे 'रिस्टोरेशन' हा धंद्याचाच शब्द आहे. कारखान्यातून निघाली तशी गाडी, खडूच्या खुणांसकट, पुन्हा घडवायची ही त्यातली पराकाष्ठा. पट्ट्यावर काम करणाऱ्याने भागावर ओढलेली खडूची रेघसुद्धा आज अभ्यासून, हुबेहूब पुन्हा काढली जाते. रेघ हवी आहे, रेघ ओढणारा हात नको आहे. आईच्या लाडवांची आठवण काढणारा मुलगा आईला विसरलेला नसतो. इथे लाडू चोख आठवतात, आई आठवत नाही.

दुसरा प्रकार शक्य आहे, आणि तो अमेरिकन साहित्यातच आहे. फिलिप लेव्हिन हा कवी १९२८ साली डेट्रॉईटमध्ये जन्मला, तरुणपणी तिथल्या मोटारकारखान्यांत राबला. १९६७ च्या वणव्यानंतर त्याने लिहिलेली कविता असो की १९९१ मध्ये 'नॅशनल बुक अवॉर्ड' मिळालेला 'व्हॉट वर्क इज' हा संग्रह असो, त्यात डेट्रॉईट आहे, यंत्रे आहेत, तेलाचा वास आहे आणि त्या सर्वांबद्दल तीव्र ओढही आहे. मात्र ती ओढ माणसांमधून जाते. कामाच्या आशेने पावसात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ओलांडून जात नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या १९७८ च्या 'रेसिंग इन द स्ट्रीट' या गाण्यातही गाडीवरचे प्रेम आणि कामाने माणसाचे होणारे निर्जीवपण एकाच खोलीत राहतात. म्हणजे गाडीवर प्रेम करून खरे बोलता येते. स्मरणरंजनाच्या वाङ्मयाने ते केले नाही, कारण खरे बोललेले लिलावात चालत नाही.

मराठीच्या अध्यापकांनी या उठाठेवीत का पडावे, असेही कोणी विचारील. नारायण सुर्वे शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एकच सवय लावू पाहतो: कवितेतल्या वस्तूकडे पाहताना ती कोणाच्या हातातून आली हे विचारण्याची. ही सवय केवळ गिरणगावापुरती, केवळ अभ्यासक्रमातल्या कवितेपुरती ठेवायची आणि डेट्रॉईटची चकाकती वस्तू समोर आली की गहाण टाकायची, असे असेल तर आपण साहित्य शिकवत नाही, परीक्षा घेतो. त्या अकरा पानांना आम्ही आधी मुकाट्याने चांगले गुण दिले, तेव्हा आमचीही ती सवय गहाणच पडली होती. हे कबूल केले पाहिजे.

डॉज मेन १९८० साली बंद पडले आणि पुढच्याच वर्षी जमीनदोस्त झाले. त्या जागी आणि शेजारची पोलटाउन ही वस्ती उठवून, चार हजारांहून अधिक माणसांना विस्थापित करून, जनरल मोटर्सचा नवा कारखाना उभा राहिला. त्याच कारखान्यातून २०२१ च्या अखेरीस हजार अश्वशक्तीची विजेवरची हमर बाहेर पडू लागली. तिचेही कधीतरी स्मरणरंजन होईल. तेव्हा तिथला वेग तासाला किती गाड्यांचा होता, हे कोणी नोंदवून ठेवले असेल काय?

त्या विद्यार्थ्याला आम्ही बोलावून घेतले आणि हे सगळे सांगितले, यापेक्षा बरेच कमी कठोर शब्दांत. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "सर, म्हणजे मला ती गाडी आवडायला नको का?" आम्ही म्हटले, आवडू दे, आमच्या म्हणण्याचा रोख तो नाही. मग आमच्यापैकी एकाने विचारले की तुझ्या वडिलांच्या लाइनवर एका गाडीला किती वेळ मिळतो. त्याला माहीत नव्हते. चॅलेंजरचे पाव मैलाचे सेकंद त्याला तोंडपाठ होते.

पुढच्या आठवड्यात तो आकडा घेऊन आला. रविवारी वडिलांशी बसून त्याने तासभर ते काम समजून घेतले होते. असे बोलणे घरात पहिल्यांदाच झाले, असेही तो म्हणाला. आकडा आम्ही इथे देत नाही, कारण त्याचे वडील कंत्राटावर आहेत. निबंध आता बारा पानांचा झाला आहे.